यंत्राचा वेग कोणाच्या हाती?

यंत्र ज्याच्या मालकीचे, त्याचा वेगही त्याच्याच मर्जीचा, असे आपण सहसा धरून चालतो. ही समजूत कितपत खरी आहे ते आज तपासावयाचे आहे. त्यासाठी आम्ही निवडलेला विषय काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. टेबलावरच्या संगणकाचा प्रोसेसर कारखानदाराने नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने पळविणे, ह्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कॉलेजातली मुले हा शब्द मराठी बोलतानाही तसाच वापरतात. आम्हीही तोच वापरणार आहोत. ह्या खटाटोपाला आता चाळीस वर्षांचा इतिहास झाला आहे, आणि मुलांचा खेळ म्हणून तो सोडून द्यावा इतका तो क्षुल्लक नाही.

कामगार संघटनेच्या माणसाने ह्या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे शालेय शिक्षण बेताचेच; पुढचे सारे शिक्षण मागाच्या शेडमध्ये, गेटसभेत आणि रात्री वाचनालय बंद होईपर्यंत झालेले. परंतु यंत्राचा वेग कोणी वाढवावयाचा, वाढविल्याचा फायदा कोणाच्या पदरात आणि ताप कोणाच्या माथी, हा तर आमच्या धंद्याचा रोजचा प्रश्न. तोच प्रश्न नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात पुन्हा भेटला, तेव्हा आम्हांस तो ओळखीचा वाटला.

प्रारंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. अक्कलकुवा तालुक्याच्या टोकाला, नर्मदेच्या काठी मणिबेली हे गाव आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने बुडालेले महाराष्ट्रातील पहिले गाव म्हणून त्याचे नाव जगभर गेले. नंदुरबार हा राज्यातील लोकसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ, अक्कलकुवा हा विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा, आणि मतदान केंद्रांच्या यादीत पहिले केंद्र मणिबेलीचे. तेथे मतदानाचे यंत्र बोटीतून न्यावे लागते.

हे मतदान यंत्र म्हणजेही एक छोटा संगणकच. त्याला विजेची जोडणी लागत नाही, ते बॅटरीवर चालते. मणिबेलीसारख्या ठिकाणी ही मोठीच सोय. १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. कायद्यात त्याची तरतूदच नव्हती, म्हणून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान ग्राह्य धरले नाही. १९८८ साली कायदा दुरुस्त झाला आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ही यंत्रे देशभर आली. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, हे यंत्र जाणूनबुजून मंद ठेवले आहे. एका मिनिटात हजारो आकडे टिपणे अशा चिपला मुळीच जड नाही. तरी हे यंत्र मिनिटाला चार-पाच मतांच्या वर घेतच नाही. केंद्र बळकावून धडाधड शिक्के मारण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ह्याचे कारण सांगावयास नको. दांडगाई करणारा आला तरी त्याला तासात दोनअडीचशे, फार तर तीनशे मतांपुढे जाता येऊ नये, आणि तोपर्यंत पोलीस पोचावेत, असा हा हिशेब आहे. चिपमधला प्रोग्रॅम एकदाच लिहिला जातो. तो पुन्हा बदलण्याची सोय ठेवलेली नाही. वेग ठरला तो एकदाच, आणि तेथे कोणाचाही हात पोचू द्यावयाचा नाही असेही ठरले.

टेबलावरचा संगणक ह्याच्या अगदी उलट टोकाला उभा आहे. त्याचा वेग बदलण्याची जागा त्याच्या पोटातच असते, आणि ती उघडण्याची कळ कीबोर्डावर असते. यंत्र सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून धरली की एक पडदा उघडतो. त्यास बायोस म्हणतात. मदरबोर्डावरच्या एका चिपमध्ये हा लहानसा प्रोग्रॅम असतो. बाकीचे यंत्र झोपेत असताना तो आधी जागा होतो, कोणकोणते भाग जोडलेले आहेत त्यांची हजेरी घेतो आणि मग कारभार मोठ्या प्रोग्रॅमच्या हवाली करतो. गिरणीत भोंग्यापूर्वी येऊन दिवे लावणारा जॉबर डोळ्यांपुढे आणावा. यंत्राने किती वेगाने आणि किती व्होल्टवर चालावयाचे हे ह्याच पडद्यावर मांडलेले असते.

वेग म्हणजे येथे नेमके काय? मदरबोर्डावर स्फटिकाचा एक तुकडा असतो. त्याला वीज दिली की तो ठरावीक गतीने थरथरतो, आणि त्या थरथरीच्या ठेक्यावर सारे काम चालते. ढोलाच्या ठेक्यावर लेझीम चालावे तसे. आजच्या यंत्रात मूळ ठेका बहुधा सेकंदाला १० कोटींचा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा असतो. प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. गुणक ३६ असेल तर वेग ३,६०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ३.६ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये जाऊन ३६ चे ४२ केले की ४.२ गिगाहर्ट्झ झाले. कृती एवढीच, पाढ्यातली. ती कोणी करावी आणि केल्याने काय होते, ह्यात मात्र पुष्कळ काही दडलेले आहे.

हा इतिहास संगणकापासून सुरू होत नाही, म्हणून थोडे मागे जावयास हवे. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले तोवर कामाचा दिवस सूर्याबरोबर उगवत आणि मावळत असे. दिवे आले आणि मालकांच्या ध्यानात आले की यंत्राला रात्र नसते. १९०५ च्या सुमारास तेजीच्या हंगामात काही गिरण्या दिवसाचे १४ तास आणि त्याहूनही अधिक चालू लागल्या. कामगारांनी दंगा केला तेव्हा चौकशी झाली, आणि १९११ च्या कायद्याने प्रौढ पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला. ह्याच सुमारास, १ जानेवारी १९०६ पासून, सरकारने सर्व देशासाठी एकच प्रमाणवेळ लावली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. गिरणीचे घड्याळ रातोरात ३९ मिनिटे पुढे गेले, म्हणजे अंधारातच भोंगा. जेकब ससून गिरणीतील कामगारांनी त्याच जानेवारीत ह्याविरुद्ध आवाज उठविला. घड्याळ पुढे ढकलून काम काढून घेण्याची ही गोष्ट ओव्हरक्लॉकिंग ह्या शब्दाचा अर्थ आमच्या मनात जितका स्पष्ट करते, तितका तो कोणत्याही पुस्तकाने केला नाही.

१९२८ चा संप तर सर्वांस ठाऊक आहे. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावे, सूतकताईत एका बाजूऐवजी दोन बाजू घ्याव्या, ह्या योजनेतून ठिणगी पडली. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले आणि त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मालकांचे म्हणणे होते की यंत्र सुधारले आहे, त्याला अधिक झेपेल. कामगार म्हणत होते की यंत्राला झेपेल, माणसाचे काय?

आम्ही काम करतो ते खानदेशातल्या यंत्रमाग कामगारांत. तेथे हे प्रकरण आणखी सोपे असते. मोटरवरची पुली काढावी, थोड्या मोठ्या व्यासाची बसवावी. पट्टा तोच, माग तोच, पण फेरे वाढतात. रविवारी बदललेली पुली सोमवारी सकाळी कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येते ते दुपारी, धागे वारंवार तुटू लागले की. धोटा उडतो, कांड्या लवकर संपतात, खडखडाट वाढतो. एका शेडमध्ये आम्ही मालकाशी ह्यावरून तीन दिवस वाद घातला. ‘माग माझा आहे,’ हे त्याचे शेवटचे उत्तर. माग त्याचा होता ह्यात शंका नाही.

संगणकाच्या बाबतीत हीच जुनी फिर्याद उलटी झाली, आणि म्हणून तिची मौज. येथे पुली बदलणारा मालक नव्हता, गिऱ्हाईक होते. आणि ‘हात लावू नका’ म्हणणारा यंत्र बनविणारा होता.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा घरगुती संगणक आला, त्याचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. १९८४ साली तिने एटी नावाचे मोठे यंत्र काढले. त्याचा वेग ६ मेगाहर्ट्झ. त्यातला प्रोसेसर ह्याहून जलद चालू शकतो, हे जाणकारांना ठाऊक होते. स्फटिक १२ मेगाहर्ट्झचा होता आणि त्याचे निम्मे करून ६ मिळत. लोकांनी तो उपटून १६ मेगाहर्ट्झचा किरकोळ किमतीचा स्फटिक बसविला, की यंत्र ८ मेगाहर्ट्झवर बिनतक्रार धावू लागले. एकतृतीयांश वेग जवळजवळ फुकट. कंपनीने काय केले? १९८५ सालच्या नव्या बायोसमध्ये तिने एक तपासणी घातली. यंत्र जागे होताच स्वतःचा वेग मोजी, आणि तो ठरल्याहून अधिक भरला तर पुढे चालावयाचे नाकारी. पुढच्याच वर्षी कंपनीने स्वतः ८ मेगाहर्ट्झचे एटी बाजारात आणले. बायोस आणि वेग ह्यांचा संबंध प्रथम असा, कुलपाच्या रूपाने आला. त्याच पडद्यावरून वेग वाढविण्याची सोय नंतरची.

मधली दहा वर्षे भराभर ओलांडू. मदरबोर्डावर जंपर नावाच्या इवल्या टोप्या असत. त्या चिमट्याने एका खिळीवरून दुसरीवर बसविल्या की वेग बदले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आबिट ह्या तैवानी कंपनीने ही सारी मांडणी बायोसच्या पडद्यावर आणली. खोके उघडावयाचे कारण उरले नाही.

आता १९९८ च्या ऑगस्टकडे येऊ. त्या महिन्यात इंटेल कंपनीने सेलेरॉन ३००-ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. मूळ ठेका ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, वेग ३००. अमेरिकेतील किंमत १४९ डॉलर. त्याच सुमारास कंपनीचा वरच्या दर्जाचा पेन्टियम-२ निघाला. त्याचा वेग ४५०, किंमत ६६९ डॉलर. लोकांनी सेलेरॉनचा मूळ ठेका बायोसमध्ये ६६ ऐवजी १०० केला. साडेचार गुणिले शंभर, चारशे पन्नास! आणि बहुतेक तुकडे ह्या वेगावर खुशाल चालले. चौथाईहूनही कमी पैशांत जवळजवळ वरच्या दर्जाचा माल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जुळवून देणाऱ्यांची जी पिढी तयार झाली, तिच्यातील वडीलधाऱ्यांपुढे ह्या प्रोसेसरचे नाव काढावे; चेहरा उजळतो.

हे शक्य का झाले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कुलपांचे प्रकरण कळणार नाही. प्रोसेसर सुटा सुटा घडविला जात नाही. सिलिकॉनच्या एका ताटलीवर शेकडो एकदम उमटतात. मग ते कापून, तपासून त्यांची प्रतवारी होते. कापसाच्या गाठींची प्रत लावतात तशीच. जो तुकडा अधिक वेग सोसतो त्यावर मोठा आकडा छापतात, कमी सोसणाऱ्यावर लहान. परंतु कारखान्याचा हात बसला की जवळजवळ सारेच तुकडे चांगले निघू लागतात. बाजाराला तर स्वस्त मालच जास्त हवा असतो. मग उत्तम तुकड्यावरही लहान आकडा छापून तो खालच्या दराने विकावा लागतो. म्हणजे खोक्यावरचा आकडा सिलिकॉनची ताकद सांगतोच असे नाही. पुष्कळदा तो बाजारातली गरज सांगतो. ग्राहकाने कंपनीवर मात केली असे तेव्हा जो तो म्हणे. आम्हांस वाटते, कंपनीने आपणच वाटलेला आकडा लोकांनी वाचून दाखविला, एवढेच झाले.

अर्थात सारेच सरळ नव्हते. ह्याच काळात कित्येक लबाड व्यापारी स्वस्त प्रोसेसरवरचा आकडा घासून मोठा आकडा छापीत आणि महाग म्हणून विकीत. असा माल घेतलेल्या माणसाला आपले यंत्र दुपारी का बंद पडते हे कधीच कळत नसे. स्वतःच्या यंत्राला जाणून पळविणे निराळे आणि दुसऱ्याला न सांगता पळविलेले यंत्र गळ्यात मारणे निराळे. ह्या लबाडीचे कारण पुढे करून इंटेलने गुणक कुलूपबंद केला. कारण खोटे नव्हते. पण कुलूप लबाडाबरोबर प्रामाणिक गिऱ्हाइकालाही लागले, आणि वरच्या दर्जाच्या मालाची विक्री त्याने आपोआप सांभाळली गेली.

आता तापाविषयी. प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म खटके असतात, आणि ठेक्याच्या प्रत्येक ठोक्याला त्यांतले कित्येक उघडमीट करतात. दर उघडमिटीला थोडी वीज उष्णतेत जाते. वेग वाढविला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते. पण तेवढ्याने भागत नाही. दोन ठोक्यांमधला वेळ कमी झाल्याने खटक्यांना पलटी मारावयास अवसर पुरत नाही. त्यांना जोर यावा म्हणून व्होल्टेज वाढवावे लागते, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणच करू. गुणक ३६ वरून ४२ केला, वेग सुमारे १७ टक्के वाढला. त्यासाठी व्होल्टेज १.२० चे १.३५ करावे लागले असे धरा. उष्णता किती वाढली? हिशेब केला तर सुमारे ४८ टक्के. वेगाचा एक रुपया मिळवावयास तापाचे जवळजवळ तीन रुपये मोजावे लागतात.

ही उष्णता बाहेर काढणारा पंखा ती खोलीतल्या हवेत टाकतो. हवेहून थंड तो काहीच करू शकत नाही. थंड मुलखातला माणूस २० अंशांच्या खोलीत बसून जे आकडे लिहितो, ते नंदुरबारच्या ४२ अंशांच्या मे महिन्यात जसेच्या तसे लावणे म्हणजे शुद्ध अविचार. प्रोसेसर ठराविक तापमानाला पोचला की स्वतःच वेग उतरवितो, आणखी तापला तर यंत्र बंद करतो. म्हणजे उन्हाळ्यात अति हाव धरणाऱ्याचे यंत्र नेमून दिलेल्या वेगाहूनही मंद चालण्याचा संभव असतो. त्याशिवाय एक हळू चालणारी झीज आहे. अधिक व्होल्टेज आणि उष्णता ह्यांच्या माऱ्याने चिपमधल्या केसाहून बारीक तारांचे अणू प्रवाहाबरोबर सरकत जातात. वर्षानुवर्षांनी कोठे तार खंगते, कोठे शेजारच्या तारेला जाऊन चिकटते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून जाणती मुले गुणक एका वेळी एकानेच वाढवितात, यंत्राला काही तास कठीण गणिते करावयास लावतात, तापमान पाहतात, आणि चूक दिसताच एक पायरी खाली येतात. त्यांची ही शिस्त पाहून आम्हांस संतोष झाला. पुली बदलणाऱ्या मालकाने कधी असे धागे मोजलेले आम्ही पाहिले नाहीत.

ह्या उष्णतेनेच पुढे साऱ्या धंद्याला अडविले. तीस वर्षे असा नियम चालला होता की खटके लहान करावे, त्याबरोबर व्होल्टेज उतरते, म्हणून वेग वाढवूनही ताप आटोक्यात राहतो. २००४ च्या सुमारास हा मार्ग खुंटला. त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम-४ काढण्याचा बेत सोडून दिला. पुढच्या वर्षी एकाच तुकड्यात दोन मेंदू घातलेले प्रोसेसर बाजारात आले. मग चार, आठ, सोळा. एकाला बेफाम पळविण्याऐवजी अनेकांना जोडीने कामाला लावावे, ही वाट जगाने धरली. आम्हांस अभिमान वाटतो तो असा की आपल्या पुण्याने ती आधीच चालून पाहिली होती. १९८७ च्या सुमारास अमेरिकेने भारताला हवे ते महासंगणक देण्याचे नाकारले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यात एकही अचाट वेगाचा मेंदू नव्हता. बाजारात मिळणारे ट्रान्स्प्युटर नावाचे साधे प्रोसेसर परस्परांशी जोडून त्यांच्याकडून मिळून काम करून घेतले होते. अशा यंत्रात खरी अडचण वेगाची नसते; कामाची वाटणी आणि एकमेकांना निरोप पोचविणे, ह्यांची असते. युनियन चालविलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

कुलपाचा धागा पुन्हा उचलू, कारण त्यास पुढे एक नवेच वळण लागले. गिऱ्हाईक कुलूप तोडते हे पाहून कंपनीने किल्लीच विकावयास काढली. २०१० पासून इंटेलने काही प्रोसेसरांच्या नावापुढे के हे अक्षर लावले. त्यांचा गुणक मोकळा, किंमत जास्त. बाकीच्यांचा बंद. त्याच वर्षी एक स्वस्त पेन्टियमही तिने काढला, ज्यातील काही भाग मुद्दाम निजवून ठेवलेला होता. दुकानातून ५० डॉलरचे कार्ड विकत घेऊन त्यावरचा आकडा टाकला की तो भाग जागा होई. खोलीचे भाडे घ्यावे आणि खिडकी उघडण्याचे निराळे मागावे, त्यातलाच हा प्रकार. ओरड झाली आणि वर्षभरात ही योजना बंद पडली. के अक्षर मात्र चालू राहिले. काही मदरबोर्डवाल्यांनी नव्या बायोसच्या आधारे बंद प्रोसेसरांचा मूळ ठेका वाढविण्याची पळवाट काढली होती. २०१६ साली तीही बुजविण्यात आली.

आणि मग घडली २०२४ ची हकीकत. इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे सर्वांत महाग प्रोसेसर जगभर विनाकारण अडखळू लागले, काही तर कायमचे निकामी झाले. ज्यांनी बायोसला हातही लावला नव्हता त्यांचीही यंत्रे बिघडत होती. पुढे उलगडा झाला तो असा. शर्यतीत दुसऱ्याच्या पुढे दिसावे म्हणून मदरबोर्डवाल्यांनी विजेच्या मर्यादा कारखान्यातूनच सैल ठेवल्या होत्या, आणि प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅमही काही प्रसंगी प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होता. इंटेलने त्या उन्हाळ्यात तसे मान्य केले, बायोससाठी सुधारणा दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. परंतु सुधारणेने झालेली झीज भरून येत नाही. चाळीस वर्षे ‘वेग वाढवाल तर हमी जाईल’ असे बजावणाऱ्या धंद्याने शेवटी गिऱ्हाइकाला न विचारता आपणच पुली बदलली होती. तिकडे हौशी मंडळींनी २०२२ साली द्रवरूप हेलियमच्या थंडाव्यात एक प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला तो काही क्षणांपुरता, आणि डोळे उघडे ठेवून.

ह्या साऱ्यात आमच्या चळवळीची भूमिका काय राहिली, हेही सांगितले पाहिजे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणावयाचे ठरविले तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. कलकत्त्यात तर यंत्र आत येऊ नये म्हणून इमारतीवर रात्रंदिवस पहारा बसला. बँकांत १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन ह्यांच्यात करार झाला, आणि कोणती यंत्रे, किती व कोठे, ह्याची वाटाघाट होऊन ती आली. त्या काळच्या बेकारीत तो विरोध अगदी स्वाभाविक होता, आणि १९८३ चा करार हे तर संघटित शहाणपणाचे उदाहरण मानावे लागेल. पण यंत्र यावे की न यावे ह्यावर जितके भांडण झाले, तितके ते आल्यावर त्याचा वेग कोणी मांडावा ह्यावर झाले नाही. आज गोदामात माल उचलणाऱ्या मुलाच्या हातातले यंत्र त्याला पुढच्या वस्तूपर्यंत पोचावयास किती सेकंद आहेत ते दाखविते. ते सेकंद मांडणारा पडदा त्याला कोणत्याही कळीने उघडता येत नाही.

तापाचा हिशेब लावताना एक गोष्ट खोक्याबाहेर राहते. प्रोसेसरला लागणारी वीज कोठून तरी येते. सरदार सरोवरावरच्या दोन वीजगृहांची क्षमता १,४५० मेगावॉट. त्यातला महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. नर्मदा लवादाचा हा निर्णय १९७९ चा. त्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, सर्वांत आधी मणिबेली, १९९० च्या दशकाच्या आरंभीच्या पावसाळ्यांत. १९९४ साली जगभरच्या संघटनांनी जागतिक बँकेपुढे मोठ्या धरणांच्या कर्जांविषयी जे निवेदन मांडले त्याला ‘मणिबेली जाहीरनामा’ असेच नाव पडले. धरणाची उंचीही एकदम वाढली नाही; ती पायरीपायरीने, दर वेळी न्यायालयात आणि समित्यांत वाद होऊन, २०१७ साली १३८.६८ मीटरपर्यंत गेली. धरण बांधावे की नाही हा वाद येथे उकरण्याचा आमचा हेतू नाही. पण पायरी वाढवावी की नाही हे ठरविण्याच्या टेबलापाशी मणिबेलीच्या माणसाला बसावयास खुर्ची नव्हती. तो होता रस्त्यावर, नाहीतर गळाभर पाण्यात.

आता व्यवहाराची एक गोष्ट, कारण ती पुष्कळ जण विचारतात. बायोसमध्ये भलतेच आकडे पडून यंत्र सुरूच होईनासे झाले, तर घाबरून दुकान गाठू नये. विजेची पिन काढावी, खोके उघडावे. मदरबोर्डावर हातघड्याळात असते तशी, पण रुपयाएवढी गोल बॅटरी दिसेल. ती काढून पाचदहा मिनिटे बाजूला ठेवावी आणि पुन्हा बसवावी. बहुतेक मदरबोर्डांवर आपण मांडलेले सारे आकडे एवढ्याने पुसले जातात, आणि यंत्र कारखान्यातून निघताना ज्या वेगावर होते त्या वेगावर जागे होते. तारीख आणि वेळ तेवढी पुन्हा लावून घ्यावी लागते.